आडवा उजेड

आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात गेली वीस वर्षं मला दाढीच्या भूमिका मिळतात. मुघल सरदार, ऋषी, फकीर, एकदा तर आंधळा भिकारी. अभिनयासाठी नव्हे, दाढीखाली गाल झाकले जातात म्हणून. तोंडावर कोणी तसं म्हटलेलं नाही. पण रंग लावणारे काका पॅनकेकचा स्पंज गालावरून फिरवताना मध्येच थांबायचे, त्यावरून कळायचं. रंग खड्ड्यांत साचायचा आणि कडा कोरड्या राहायच्या. मग ते बोटाच्या टोकानं एकेक खड्डा पुसून काढायचे आणि म्हणायचे, "दाढीच लावूया रे, शोभेल तुला."

मी गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूचा. पणजीत सरकारी कचेरीत कारकून आहे. जन्म १९८२ चा. गालांची ही दशा झाली ती साधारण १९९८ ते २००२ या चार वर्षांत. पुटकुळ्या सगळ्यांनाच येतात, माझ्या मात्र गाठी होत्या. वाटाण्याएवढ्या, आतून ठसठसणाऱ्या, रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यावी अशा. लिंबू चोळून झालं, टूथपेस्ट झाली, देवळातलं गंधसुद्धा झालं. आई "पिळू नको, वण राहतील" म्हणायची आणि मी आरशासमोर उभा राहून पिळायचो. नंतर पंचवीस वर्षं वण दिसले की हेच आठवायचं, आपण पिळलं म्हणून झालं. शेजारच्या एक आजी तर येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायच्या, ह्याला लहानपणी देवी आल्या होत्या. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालचा, माझ्या जन्माच्या सात वर्षं आधीचा. पण आजींना हे कोण सांगणार?

एकदा पैसे घालवूनही झाले होते. २००९ मध्ये, लग्नाआधी, एका झगमगीत क्लिनिकमध्ये सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं. बारीक खड्यांचा फवारा मारून गाल घासायचे, त्याला ते पॉलिशिंग म्हणत. प्रत्येक वेळी दोन दिवस चेहरा तुकतुकीत दिसायचा आणि तिसऱ्या दिवशी होता तसा. शेवटी त्यांनी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो दाखवले. फरक खरंच दिसत होता! आधीच्या फोटोत दिवा बाजूला होता आणि नंतरच्या फोटोत फ्लॅश समोरून मारला होता, हे कळायला मला चौदा वर्षं लागली.

कळलं ते असं. २०२३ च्या सुरुवातीला देवळाच्या सभामंडपात तालीम चालली होती. लाइट गेली, म्हणून कोणीतरी जनरेटरवर एक हॅलोजन लावून खांबाला टेकवला. भाच्यानं त्या उजेडात मोबाइलवर माझा प्रवेश टिपला. घरी बघितला तर माझा गाल म्हणजे आमच्या कुंपणाचा जांभ्या दगडाचा चिरा. तांबूस, भोकाभोकांचा, प्रत्येक भोकाला स्वतःची सावली. कचेरीत डोक्यावर ट्यूबलाइट आणि घरच्या आरशाला समोर बल्ब, त्यामुळे इतकं कधी दिसलंच नव्हतं. खड्डा दिसतो तो सावलीमुळे. समोरून उजेड आला की सावली नाही, आणि सावली नाही की खड्डाही नाही.

म्हापशातल्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. माझ्यापेक्षा वयानं लहान असतील. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर ट्यूबलाइट बंद केली, पडदा ओढला आणि माझ्या कानाजवळ टॉर्च आडवा धरला. त्याच क्षणी मनात म्हटलं, बाईला कळतं.

मग दोन बोटांनी गाल ताणून बघितला. ताणल्यावर काही खड्डे नाहीसे झाले, काही तसेच राहिले. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि मार्कर पेननं गालावर तीन तऱ्हेच्या खुणा केल्या. आजवर मी "खड्डे" हा एकच शब्द वापरत होतो, तिथे तीन वेगळी दुखणी निघाली.

ताणल्यावर नाहीसे होतात ते रोलिंग. पसरट, चार-पाच मिलिमीटरहून रुंद, लाटांसारखे. त्यांच्या तळाला खालून तंतू धरून असतात, ते कातडीला आत ओढतात. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे गोधडी आहे ना? टाका घातला की तिथे खळगा पडतो. कापूस तेवढाच असतो, पण टाक्यानं खाली खेचलेला असतो. तसं हे." दुसरे बॉक्सकार, उभ्या कडांचे, सपाट तळाचे, कांजिण्यांच्या वणांसारखे. तिसरे आइस पिक, वरून बघाल तर सुईच्या टोकाएवढे, दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद, पण खोल, खाली चरबीच्या थरापर्यंतसुद्धा गेलेले. नाकाजवळ माझे असे नऊ होते. मला वाटायचं, ती नुसती मोठी रंध्रं आहेत.

पिळण्याबद्दल मी आपण होऊन कबुली दिली. त्या हसल्या. "पिळल्यानं भर पडते. पण गाठीचे मुरुम होते ना तुम्हाला? आतली सूजच खालचा थर खाऊन टाकते. न पिळताही यातले बरेच पडलेच असते." पंचवीस वर्षांचं एक ओझं त्या टेबलावर उतरलं, असं म्हटलं तर नाटकी वाटेल, पण घरी आल्यावर आईला मी ते पहिल्यांदा सांगितलं खरं.

प्रश्न त्यांनी बरेच विचारले आणि तेव्हा मला ते अवांतर वाटले होते. छातीवर, खांद्यावर कधी जखमेचा वण फुगून वर आलाय का? ओठावर तापाचे फोड उठतात का? साखर? रक्त पातळ करणारी गोळी? मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी हल्ली घेतली आहे का? ती चालू असेल तर पूर्वी सगळंच सहा महिने पुढे ढकलत. आता तेवढा कडकपणा राहिलेला नाही, पण कातडी खोलवर घासायची किंवा पूर्ण वरचा थर जाळायचा तर अजूनही थांबतात. आणि नवीन मुरुम येतात का? येत असतील तर आधी ते, मग वण. छप्पर गळत असताना भिंत रंगवू नये, हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही.

मी तयारीनं विचारून गेलो होतो, "लेझर किती सिटिंग लागेल?" उत्तर आलं, "लेझर शेवटी. तुमच्या गालाला ते पहिलं लागूच नाही." लेझर आणि सुयांचा रोलर हे वरून खाली काम करतात, कडा बोथट करतात, पोत सुधारतात. खालून ओढणारा तंतू त्यांना तोडता येत नाही आणि खोल अरुंद भोक त्यांना भरता येत नाही. फिरत्या चाकानं सबंध गाल खरवडायची जुनी पद्धत, डर्माब्रेजन, आपल्या सावळ्या रंगावर त्या करत नाहीत, कारण घासलेला भाग काळा किंवा पांढरा राहून जाण्याची भीती. फिलर भरता येतो, पण बहुतेक फिलर काही महिन्यांनी विरतो, पुन्हा भरा. मेडिक्लेम अर्थातच नाही. सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला विमा पैसे देत नाही, हे मला नोकरीमुळे आधीच ठाऊक होतं.

शेवटी ठरलं ते असं. रोलिंगसाठी सबसिजन, म्हणजे सुई आत घालून ते टाके उसवायचे. बॉक्सकारपैकी तीन कापून शिवायचे आणि दोन उचलून वर आणायचे. आइस पिकवर नंतर ॲसिडचा थेंब. आणि या सगळ्यावर, दोनेक महिन्यांनी, एक हात लेझरचा. "किती जाईल?" मी विचारलं. "निम्मं गेलं तर मी खूश. तुम्ही खूश व्हाल का, ते आत्ताच सांगा." असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. निम्म्यावर मी तयार झालो.

वेळ पावसाळ्याची निवडली. आपल्याकडे शस्त्रक्रियेपेक्षा ऊन जास्त छळतं. जखमेवर ऊन पडलं की गव्हाळ कातडी काळी पडते आणि ते काळेपण महिनोन्महिने टिकतं. मेच्या मध्यापासून रात्री एक मलम आणि दिवसा सनस्क्रीन सुरू झालं. कदंबाच्या बसमध्ये मी उन्हाची बाजू सोडून बसायला लागलो. कंडक्टरनं एकदा विचारलंही, "बाजू बदलली काय हो?" त्या वर्षी पाऊस लांबला, वादळ आलं, आणि माझी तारीख पडली जूनच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेर धो धो.

सुन्न करणारं मलम तासभर लावून ठेवलं, मग इंजेक्शनं. दुखलं ते एवढंच, पण ते दुखलं. डोळ्याखाली एक सुई दिली आणि वरचा ओठ परका झाला. मग कातडीखाली पाणीदार औषध भरून गाल टम्म फुगवला. अॅड्रेनालिन असल्यामुळे रक्त कमी येतं, पण छातीत धडधडतं. ते आधी सांगितलं म्हणून बरं, नाहीतर मी उठून पळालो असतो.

सबसिजनची सुई टोकाला पात्यासारखी चपटी असते. गालाच्या कडेनं एक भोक, त्यातून आत, आणि मग पंख्यासारखी पुढेमागे. दुखत नव्हतं. पण आवाज येत होता! बाहेर कोणाला नसेल, मला माझ्याच कवटीतून येत होता. कर्र, कट्, कर्र. जाड सुताचा टाका कात्रीच्या टोकानं उसवताना येतो तसा. एक तंतू तुटला की सुई मोकळी सरकायची, पुन्हा अडकायची, पुन्हा कट्. मी डोळे मिटून मोजायला लागलो आणि चाळीसनंतर सोडून दिलं. तंतू तुटून आत जी पोकळी होते तिथे रक्त साठतं, आणि पुढे तिथे नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीवपणा देणारे धागे, धरतं. म्हणजे रक्त साठणं हा बिघाड नाही, थोडं साठायलाच हवं. जास्त नको, म्हणून दोघी जणी दोन्ही गाल दहा मिनिटं दाबून धरून उभ्या होत्या. मी कणीक आणि त्या सुगरणी.

मग पंच. हे मात्र मला डोळे उघडून बघायचं होतं, कारण फायलींना भोकं पाडण्यात माझं आयुष्य गेलंय. छोटी गोल धारदार नळी, दोन, अडीच, तीन मिलिमीटरच्या मापांत मिळते. वणापेक्षा जराशी मोठी नळी निवडतात, दाबून बोटांत फिरवतात, की तेवढा गोल कातडीपासून सुटतो. तीन जागी तो गोल काढून टाकला आणि केसाहून बारीक दोऱ्यानं टाका घातला. खोल खड्ड्याच्या जागी एक सपाट रेघ, असा तो व्यवहार. दोन वणांचा तळ मात्र चांगल्या कातडीचा होता. ते गोल काढले नाहीत, खालून सुटे करून वर उचलले आणि भोवतीच्या पातळीला आणून चिकटपट्टीनं धरून ठेवले. तळ चांगला नसता तर कानामागून गोल काढून इथे बसवला असता. मी म्हटलं, "बरं झालं, कानामागच्या जागेला चष्म्याची काडी लागते." कोणी हसलं नाही. ओठ सुन्न होता, बहुधा शब्द कळले नसावेत.

दुसऱ्या दिवशी आरशात बघितलं तर दोन्ही डोळ्यांच्या फटी आणि गाल पिकलेल्या भिंड्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, रंगाचे. चार दिवस उशांचा ढीग करून बसल्यासारखा झोपलो. बायकोनं मुलाला सांगून ठेवलं होतं, तरी त्यानं शाळेत जाऊन "बाबांना कोणीतरी मारलं" असं सांगितलंच. आईनं वांगं, चिंच, सुंगटं, खुबे, सगळं बंद केलं. पू होतो म्हणे. मॅडमनी असलं काहीच सांगितलं नव्हतं, पण आईशी वाद घालायला जबडा हलत नव्हता. सहाव्या दिवशी टाके काढले. चेहऱ्यावरचे लवकर काढतात, ठेवले तर टाक्यांच्याच खुणा राहतात. तीन आठवड्यांत जांभळा, हिरवा, पिवळा असे सगळे रंग येऊन गेले.

सगळं सुरळीत झालं नाही. वर उचललेल्या दोन गोलांपैकी एक जरा जास्तच वर आला आणि तिथे टेकाड झालं. खड्डा होता तिथे उंचवटा. दाढी करताना ब्लेड त्याला अडखळायचं. डाव्या गालात रक्त जास्त साठून सुपारीसारखी गाठ बसली, पाच आठवडे झाले तरी हलेना. मी घाबरलो, कारण सोळाव्या वर्षीच्या गाठींसारखीच ती हाताला लागायची. रात्री हात आपोआप तिकडे जायचा. मॅडमनी तिच्यात स्टेरॉइडचं अगदी थोडं इंजेक्शन दिलं, जास्त दिलं तर तिथेच नवा खड्डा पडतो म्हणाल्या. महिन्याभरात ती विरली. टेकाड लेझरच्या वेळी सपाट करू म्हणाल्या आणि झालंही, पण मधले दोन महिने मी त्यांच्यावर मनातून रागावलेला होतो. हे लिहायला हवं. त्यांनी आधी सांगितलं होतं हेही लिहायला हवं. सांगितलेलं आणि गालावर उगवलेलं यांत फार फरक असतो.

जुलैच्या शेवटी आइस पिक. लाकडाची अणकुचीदार काडी ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवून प्रत्येक भोकाच्या तळाशी टेकवायची. याला क्रॉस म्हणतात, आणि ॲसिड चेहऱ्याची वरची साल काढणाऱ्या साध्या पीलसारखं सौम्य नसतं, चांगलं तीव्र असतं. काही सेकंदांत भोक पांढरंशुभ्र होतं, जणू मिठाचा खडा ठेवलाय. चुरचुर दोनतीन मिनिटं. मग खपली, आठवड्यात पडते, आणि भोक तळापासून थोडं भरून येतं. एकदा करून भागत नाही. माझं तीनदा झालं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी दुखणारं काम हेच. बाजूला एक थेंब ओघळला तर मात्र चांगल्या कातडीला डाग, म्हणून हे घरी करायचा विचार कोणी करत असेल तर कृपा करून करू नका. ॲसिड ऑनलाइन मिळतं, हात मिळत नाही.

ऑगस्टच्या शेवटी लेझर. फ्रॅक्शनल सीओटू म्हणजे सबंध कातडी जाळत नाहीत, बारीक ठिपक्यांची जाळी जाळतात, मधली जागा शाबूत राहते, म्हणून लवकर भरतं. जळक्या केसांचा वास आला आणि पाच-सहा दिवस गाल सँडपेपरसारखा. त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, लांबून १९ सप्टेंबरला आली. त्या एका महिन्यानं मला वाचवलं, असं मला वाटलं होतं. पण माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या मांडवीचं, सामान आणायला मी म्हापशाच्या बाजारात भर दुपारी गेलो. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, टोपी विसरलो, आणि एका हातात सुपारीचा घड, दुसऱ्यात कांगलांच्या रानफळांची जुडी. गणपती विसर्जन होईपर्यंत दोन्ही गालांवर तपकिरी ठिपक्यांची जाळी उमटली. लेझरचीच, जशीच्या तशी. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त मलमाची नळी पुढे सरकवली. डाग जायला डिसेंबर उजाडला.

डिसेंबरातच त्यांनी पुन्हा ट्यूबलाइट बंद केली आणि टॉर्च आडवा धरला. उजवा गाल निम्म्याहून जास्त सुधारला होता. डावा, जिथे गाठ झाली होती तो, निम्म्याला पोचला नव्हता. तिथे सबसिजन परत करावं लागेल, तंतू काही ठिकाणी पुन्हा चिकटतात. नाकाजवळचे नऊ होते, त्यांतले चार शिल्लक. माझं स्वतःचं मत विचाराल तर या सगळ्यात पैसे वसूल झाले ते त्या कर्रकट् सुईत, आणि जाहिरात मात्र जिकडेतिकडे लेझरची.

जत्रा जवळ आली. मी दिग्दर्शकाला आडून आडून सुचवून बघितलं की या वर्षी गुळगुळीत भूमिका असली तरी चालेल. तो म्हणाला, "वेडा की काय? सरदार दुसरा करणार कोण?" म्हणजे दाढी आलीच. पण नव्या कातडीला दाढीचा गोंद नको, असं मॅडमनी बजावलं होतं. काकांना तसं सांगितलं. ते स्पंज घेऊन बसले. उजव्या गालावरून हात सरळ गेला. डाव्यावर दोनदा थांबला. "हा गाल अजून आहे रे थोडा," म्हणाले आणि गोंदाऐवजी दाढीला काळी दोरी लावून ती कानामागे बांधून दिली.

दुसऱ्या अंकात मी तलवार उपसून गर्रकन वळलो आणि दोरी तुटली. दाढी छातीवर लोंबायला लागली. विंगेतला पिवळा दिवा नेमका डाव्या गालावर, अगदी आडवा. मंडप हसून हसून कोसळला, पुढच्या रांगेतल्या त्या आजीसुद्धा. मी दाढी डाव्या हातात धरली आणि राहिलेली वाक्यं म्हणून टाकली.